पहिलीला कसं ठेवलं

केशोरावनं माझ्या गालाला दुसऱ्यांदा साबण लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "शेठ, पाव्हने येऊन गेले. मी त तारीफच केलो जी." मी विचारलं, कोण पाहुणे. तो हसला. माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि वस्तरा गळ्याशी आणला. अशा वेळी माणसाला बोलता येत नाही. गोरेलाल चौकातल्या त्याच्या दुकानात मी कित्येक वर्षांपासून दाढीला जातो. तो बोलका माणूस आहे, पण त्या दिवशी कोण आलं होतं ते त्यानं सांगितलंच नाही. दाढी झाल्यावर त्यानं न सांगता माझ्या कानावरचे केस काढले. भुवया नीट केल्या. मग मागे सरकून, दुकानदार माल पाहतो तसं मला पाहिलं आणि विचारलं, "कलप लावून देऊ काय?" मी नाही म्हणालो. रुख्माला, माझ्या बायकोला, जाऊन दहा महिने होऊन गेले होते. तिच्या दहाव्याला माझं डोकं यानंच भादरलं होतं. तोच आता माझे केस काळे करायला निघाला होता.

बाहेर येऊन गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. माझ्याबद्दल कोणीतरी विचारून गेलं होतं, आणि न्हाव्याला विचारून गेलं होतं. इन्कम टॅक्सवाले न्हाव्याला विचारत नाहीत. बँकवालेही नाही. मनात पहिलं नाव आलं गुलाबचंदचं. त्याच्या राईस मिलची भिंत माझ्या मिलला लागून आहे आणि मी मिल विकणार का, हे त्याला कधीपासून जाणून घ्यायचं आहे. दुसरं नाव आलं माझ्या मुलाचं. अश्विन पुण्याला नोकरी करतो. आधी आठवड्यातून एकदा फोन करायचा. नागपूरच्या पेपरात ती बातमी आल्यापासून रोज करत होता. चारच ओळी होत्या. गोंदियाचे तांदूळ व्यापारी खुशाल टेंभरे इंग्लंडमधला एक जुना फुटबॉल क्लब विकत घेण्याच्या बोलणीत आहेत, एवढंच. त्या चार ओळींनी गावाची नजर बदलली. कोणी म्हणे काळा पैसा बाहेर काढून राहिला. कोणी म्हणे पुढच्या चुनावाची तयारी. कोणी म्हणे बायको गेली अन् डोकं फिरलं. हे शेवटचं म्हणणारे आवाज बारीक करून म्हणत, म्हणून ते मला जास्त ऐकू येई.

मी लोकांना दोष देत नाही. संशय नसेल तर आमचा धंदा दोन हंगामात बसतो. धानाचं पोतं समोर आलं की आम्ही वरचं धान पाहत नाही, कारण वर सगळेच चांगलं ठेवतात. पोकळ लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसतो, आतलं मूठभर धान ओढून काढतो, एक दाणा दाताखाली फोडतो. ओल कळते, दाणा किती तुटेल ते कळतं, दोन जातींची भेसळ केली असेल तर तीही कळते. माझे वडील चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवायचे आणि गंजात, धान्याच्या बाजारात, आणून उभे राहायचे. दुसऱ्याची परखी आपल्या पोत्यात शिरताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लहानपणी पाहिलं आहे. मी मोठा झालो आणि परखीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. तीस वर्षं बसलो. मग ती सवय हाताची राहत नाही, डोळ्यांची होते. कोणी नमस्कार केला तरी मी आधी पाहतो की याला काय पाहिजे. एकदा दारावरच्या भाजीवालीला मी प्रश्नावर प्रश्न विचारत होतो, तर रुख्मा आतून म्हणाली, "वांगेच आहेत ते. घेऊन टाका." ती असंच बोलायची. एक वाक्य बोलायची आणि कामाला लागायची.

फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो नागपूरच्या दवाखान्यात. रुख्माच्या पित्ताशयात कॅन्सर निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचा महिनाभर ती अतिदक्षता विभागात होती आणि मी बाहेरच्या हॉलमध्ये. तिथं भिंतीवर एक टीव्ही होता, त्याचा आवाज बंद असायचा आणि रिमोट कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यावर विलायती फुटबॉल चालायचा. मला नियम कळत नव्हते. मी मैदानाकडे पाहतच नव्हतो, माणसांकडे पाहत होतो. एका संध्याकाळी हॅल्सबी टाऊन नावाची एक टीम हरली. फार मोठी टीम नाही, तिसऱ्या दर्जाची. सामना संपला तरी लोक उठले नाहीत. पावसात बसून राहिले. माझ्या वयाचे, टकले, पोट सुटलेले पुरुष उघड रडत होते. शेजारचा माणूस खांद्यावर हात टाकून स्वतःही रडत होता, पण काय झालं म्हणून कोणी कोणाला विचारत नव्हतं. हॉलमध्ये माझ्या बाजूला एक बाई डब्यातली पोळी खात होती. मी तिला म्हणालो, पाहा. तिनं पाहिलं आणि म्हणाली, काय पाहू. चार दिवसांनी रुख्मा गेली.

गोंदियाला मला रडता आलं नाही. भेटायला येणारे सगळे धंद्यातले. सतरंजीवर बसायचे, दोन मिनिटं मान खाली घालायचे, आणि मग कोणीतरी हळूच विचारायचं की यंदा उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचा उठाव कसा राहील. मी उत्तर द्यायचो. चांगली उत्तरं द्यायचो. डोळे कोरडे ठेवून द्यायचो, कारण डोळ्यांत पाणी दिसलं की समोरचा भाव पाडून मागतो, हे मला माहीत होतं. तेराव्यानंतर मी त्या टीमची माहिती काढली. क्लब कर्जात आहे, मालक वैतागले आहेत, घेणारा शोधत आहेत. मुंबईचा एक मेहरा नावाचा दलाल अशी कामं करतो असं समजलं. अश्विन म्हणाला, बाबा, तुम्हाला सामनेच पाहायचे तर तिकीट काढून पाहा ना. मी त्याला म्हणालो, तिकीट काढून बसतो तो पाहुणा. तो म्हणाला, म्हणजे काय? मी विषय बदलून त्याच्या नोकरीचं विचारलं. पाहुणा लग्नात रडला तर लोक पाहतात. घरचा रडला तर कोणी पाहत नाही. इतकं साधं होतं, पण मुलाला हे फोनवर कसं सांगणार.

जानेवारीत मी मेहरासोबत तिकडे जाऊन आलो. थंडी हाडात शिरणारी. गाव कापडगिरण्यांचं होतं, गिरण्या बंद. मैदानाच्या कडेला बाकांची एक ओळ पत्र्याच्या छपराची होती, आमच्या मिलच्या शेडसारखी. क्लबचे तीन म्हातारे संचालक आम्हाला घेऊन फिरले. मी मैदानात वाकलो आणि गवतात बोटं खुपसली, मूठभर माती वर काढून नाकाशी नेली. सवयच आहे. वर पाहिलं तर तिघंही माझ्याकडे पाहत होते आणि त्या नजरेत माझ्या ओळखीचं काहीतरी होतं. मग चहावर बसलो. मी मेहराकडून विचारून घेतलं, विकता कायले? त्यांनी सांगितलं ते मी मनात निम्मं केलं, कारण चांगला माल कोणी काढत नाही. मग त्यांच्यातल्या सर्वात म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुम्ही घेता कशासाठी? मेहरानं मला बोलूच दिलं नाही. त्यानं ब्रँड, आशियाची बाजारपेठ, टीव्हीचे हक्क असं बरंच सांगितलं. म्हातारा ऐकत होता, पण पाहत माझ्याकडे होता. मला वाटलं, यानंही मनात निम्मं केलं. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला आवडला तो तोच. निघताना मेहरा म्हणाला की आता ते थोडी तपासणी करतील, कागद पाठवून द्या. मी कागद पाठवले. तपासणी म्हणजे कागद, असंच मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी दुकानातून मिलवर गेलो तर फाटकावरचे हमाल मला पाहून बोलता बोलता थांबले आणि एकानं उगाच टोपी काढली. दुपारी शेजारची रीता लेकराला कडेवर घेऊन डबा द्यायला आली. रुख्मा गेल्यापासून ती कधी कधी भाजी आणून देते. डबा ठेवला आणि दारातच उभी राहून म्हणाली, "काका, घरात कोणी पाहिजेच. लोकायले काहीही म्हनू द्या." मी विचारलं, काय म्हणत आहेत लोक? ती लाजली आणि गेली. मी डबा उघडला. भाजीऐवजी त्यात गोड शेवया होत्या. संध्याकाळी गुलाबचंद भिंतीपलीकडून हाक मारून आला, मला मिठी मारली. तीस वर्षांत त्यानं मला कधी मिठी मारली नव्हती. म्हणाला, "खुशालभाऊ, अपने से पूछा तो अपन ने सब अच्छा ही बोला. फिकर मत करना." मी त्याच्या खिशाकडे पाहत होतो, हाताकडे पाहत होतो. मिल घ्यायची असेल तर माणूस आधी मिठी मारेल, असं मला वाटलं. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर आमचे ट्रक थांबतात. तिथल्या मालकानं ड्रायव्हरच्या हाती निरोप पाठवला की माझ्याकडूनही चांगलंच गेलं आहे. म्हणजे विचारणारे कोहमाऱ्यापर्यंत पोचले होते. त्या रात्री अश्विनचा फोन आला तेव्हा मी त्याला सरळच विचारलं, "तू माणसं पाठवलीस का माझ्यामागे?" तो म्हणाला, "बाबा, आई असती तर तुम्ही मला हे विचारलं नसतं." तो चिडला आहे की चोरी पकडली गेली म्हणून असं बोलतो आहे, ते मला आवाजावरून ठरवता आलं नाही. फोन ठेवल्यावर मी ते वाक्य बराच वेळ मनात फोडून पाहत होतो.

दोन दिवसांनी मेहराचा फोन आला आणि सगळं कळलं. माणसं क्लबची होती. म्हणजे क्लबनं लंडनच्या एका कंपनीला काम दिलं, तिनं नागपूरच्या एका एजन्सीला, आणि एजन्सीचे दोघं, एक पुरुष आणि एक बाई, चार दिवस गोंदियात फिरून गेले. मेहरा संतापला होता. "टेंभरेजी, ये क्या है? आपके बारे में दो आदमी एक बात नहीं बोलते." त्यानं अहवाल वाचून दाखवायला सुरुवात केली. एकानं सांगितलं की माझं वय पन्नास, आणि मी एकसष्टचा आहे. एकानं सांगितलं की माझ्या दोन मिल आहेत. एकानं सांगितलं, मूलबाळ नाही, कसलीच जबाबदारी नाही. दुसऱ्यानं सांगितलं, मुलगा आहे पण वेगळा राहतो, इस्टेटीत तोंड घालत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, शुगर नाही. शुगर मला बारा वर्षांपासून आहे. मग मेहरा थांबला आणि म्हणाला, "और ये क्या लिखा है, कि दाँत सब खुद के हैं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे अनोळखी दोघं येऊन एखाद्या माणसाचं घरदार, कर्ज, सवयी, तब्येत विचारू लागले, तर ते सोयरीक पाहायला आलेले असतात. दुसरं काही असूच शकत नाही. त्यात एक बाई सोबत असेल तर ती मुलीकडचीच. आणि सोयरिकीच्या वेळी कोणी खरं सांगत नाही. दुसऱ्याचं जुळत असेल तर त्याचं वय चार वर्षांनी कमी करायचं, कर्ज लपवायचं, आजार गिळायचा, ही आमच्याकडची माणुसकी आहे. मीही कितीजणांसाठी हे केलं आहे. सगळ्या गावानं मिळून मला नवरदेव करून टाकलं होतं. परक्या देशातल्या माणसांनी ते ओळीनं लिहून काढलं आणि खाली शेरा मारला की या माणसाबद्दल एकही गोष्ट खात्रीनं सांगता येत नाही. मला हसू आलं. मग मेहरा म्हणाला, "ये सब तो मैं संभाल लूँगा. लेकिन एक रिश्तेदार ने बहुत खराब बोला है. चिचगड में. बोला है कि आप बीवी को मारते थे."

चिचगडला माझी एकच नातेवाईक आहे. वच्छला, रुख्माची धाकटी बहीण. भाऊ नसल्यामुळे वडिलांचं घर तिच्याकडे आलं. मेहरानं सांगितलं, शुक्रवारी क्लबची शेवटची बैठक आहे. असा डाग असलेला माणूस त्यांच्या नियमात मालक म्हणून बसत नाही. एकच उपाय आहे. एजन्सीची बाई उद्या दुपारी तुमच्या मोबाईलवर फोन करेल. तेव्हा ती रिश्तेदार तुमच्याजवळ पाहिजे, आणि तिनं स्वतः सांगितलं पाहिजे की आपण खोटं बोललो. नाही सांगितलं तर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच निघालो. कोहमाऱ्याला हायवेला लागलो, देवरीहून आत वळलो. जंगल सुरू झालं की आधी रुख्मा काच खाली करायची. मी काच वर ठेवली. वच्छलाच्या मनात काय असेल, ते मी एकेक करून पाहत होतो. रुख्माचे दागिने अजून माझ्याकडेच होते, त्यातले आईकडचे वच्छलाला द्यायचे राहून गेले होते. तो राग असेल. रुख्माला नागपूरला न्यायला उशीर झाला असं तिनं तेराव्याला कोणाजवळ तरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तो राग असेल. किंवा, आणि हे गाडी चालवताना मी दोनतीनदा मनातून काढलं तरी परत आलं, किंवा रुख्मानंच तिला काही सांगितलं असेल. मी रुख्मावर कधी हात उचलला नव्हता. पण हात न उचलताही बाईला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. दरवर्षी धानाची रोवणी आटोपली की ती पंधरा दिवस चिचगडला जायची आणि तिला आणायला मी जायचो. चाळीस वर्षं. त्या पंधरा दिवसांत दोघी बहिणी काय बोलत असतील, हा विचार माझ्या मनात तोपर्यंत एकदाही आला नव्हता. ज्याच्या त्याच्या पोटातलं काढून पाहणारा मी, आणि हे पोतं माझ्या घरातून दरवर्षी जायचं आणि यायचं.

वच्छला अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सगळ्या अंगणात तो गोड, आंबूस वास. तिचा नवरा भैयाजी शेतावर गेला होता. तिनं मला पाहिलं, पदर सारखा केला, खाट टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत फुलांपाशी जाऊन बसली. तब्येत कशी, अश्विन कसा, एवढं विचारलं. चेहरा रुख्माचा नाही, पण बसण्याची तऱ्हा तीच, एक गुडघा वर करून. मी तिकडे न पाहता पाणी प्यायलो.

"माझ्याबद्दल विचारायले कोणी आलं होतं?"

"आले होते दोघं. बाई बूट घालूनच आंगनात आली." तिनं ओंजळभर फुलं पसरली. "मी चहा दिला."

"काय विचारलं?"

"काय विचारते पाव्हने? घर, शेती, कर्ज. मंग त्या बाईनं विचारलं, पहिलीले कसं ठेवलं." तिनं फुलांतली एक काडी वेचून टाकली. "मी काय सांगितलं ते तुम्हाले मालूम आहे, भाऊजी. म्हनून त आले."

मी म्हणालो, "मी तिले कधी हात लावला?"

"मले काय मालूम," वच्छला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मग तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं की मी लग्न करतो आहे. वर्षसुद्धा झालं नव्हतं. रुख्माच्या चुलीपाशी दुसरी बाई उभी राहणार, तिच्या डब्यांत हात घालणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि पाहुण्यांना परत पाठवायची एकच खात्रीची गोष्ट तिला ठाऊक होती. ती तिनं सांगितली. सांगून झाल्यावर त्या बाईनं वहीत लिहून घेतलं तेव्हा तिला जरा विचित्र वाटलं, कारण सोयरिकीला आलेले लिहून घेत नाहीत. पण तोपर्यंत बोलून झालं होतं.

मी तिला खरं काय ते सांगितलं. लग्न नाही, फुटबॉलचा क्लब आहे, इंग्लंडात. तिला समजायला थोडा वेळ लागला. गोंदियातला प्रत्येकजण हसला होता, ती हसली नाही.

"बाईले फुटबॉल आवडे काय?" थोरल्या बहिणीला, रुख्माला, ती बाई म्हणायची.

"तिले नाही. मले पाहिजे."

"तुम्हाले कायले?"

हा प्रश्न मला त्या म्हाताऱ्यानं विचारला होता, अश्विननं विचारला होता, बँकेच्या मॅनेजरनं विचारला होता. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं होतं. तिथं, त्या खाटेवर, बनवायला काही सुचलं नाही. मी म्हणालो, "तिथं लोक बसून रडते. कोणी पाहत नाही."

वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. मग परत फुलांकडे वळली. "त इथं रडा ना," ती म्हणाली. "मी का पाहून राहिली?"

मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं. मी घड्याळ पाहिलं. फोनची वेळ जवळ येत होती. मी तिला समजावून सांगितलं की ती बाई फोन करेल, तू एवढंच सांग की ते खोटं होतं, खरं काय ते सांगून टाक.

"खरं काय आहे?" तिनं विचारलं.

"मी तिले कसं ठेवलं, ते."

"ते मले मालूम नाही, भाऊजी." तिनं हात झटकले आणि पहिल्यांदाच पुरती माझ्याकडे वळून बसली. "मारलं नाही, ते सांगीन. मी मनचं बोलली, ते सांगीन. पर पुढे ते फोनवाली बाई विचारनच, मंग कसं ठेवलं. त मी काय सांगू? आमची बाई इतके साल येत होती, तुमची गोष्ट कधी सांगतच नव्हती. चांगली नाही, बुरी नाही. माय विचारून विचारून थकली. बाई म्हने, ठीक आहे. बस. ठीक आहे म्हंजे काय, ते तुम्हीच सांगा."

गोठ्याच्या कोपऱ्यात रेंज मिळते. मी तिथं उभा राहिलो, वच्छला माझ्यामागे. फोन वाजला. बाईचा आवाज तरुण होता, नागपूरचा, सभ्य. तिनं आधी माफी मागितली की अशा खासगी गोष्टीत पडावं लागतं. मग विचारलं, त्या आहेत का? मी स्पीकर लावून फोन वच्छलाकडे दिला. वच्छलानं तो कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि मोठ्यानं सांगितलं की ते मी खोटं बोलली, मारझोड काही नव्हती, मले वाटलं लगन आहे. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, ठीक आहे, मग त्यांचे संबंध कसे होते, एवढं एक वाक्य सांगा, म्हणजे मी दुरुस्ती पूर्ण करते. वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पाहिजे होतं. कोणतंही चाललं असतं. गोंदियातल्या कोणीही ते डोळे मिटून दिलं असतं आणि शुक्रवारी क्लब माझा झाला असता. मी खुणेनं सांगू शकलो असतो. माझा हात उठलासुद्धा. वच्छलानं फोन माझ्यासमोर धरला.

"सर, तुम्ही सांगता का?" बाई म्हणाली. "तुम्ही मिसेसना कसं वागवलं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"सॉरी?"

"मी तिला कधी विचारलं नाही. आणि तिनं कोणाला सांगितलं नाही."

टाइप केल्याचा आवाज थांबला. मला वाटलं रेंज गेली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, हे असंच लिहू? याचा ते वेगळा अर्थ काढतील."

"लिहा," मी म्हणालो.

मेहराला मी त्या दिवशी फोन केला नाही. त्याचे चारपाच येऊन गेले, मी वाजू दिले. वच्छलानं भात लावला होता. मी खाटेवर बसून होतो. ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं आणि फुलांचा वास जड झाला होता. मला हलकं वाटत नव्हतं. क्लब गेला हे कळत होतं. पत्र्याच्या छपराची ती ओळ, ते पावसात बसून राहिलेले लोक, सगळं आता दुसऱ्या कोणाच्या मालकीचं होणार. वच्छला चुलीपासून उठून दाराशी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "बाई इथं आली की पाच-सहा दिवस बरी राहे. मंग तिचं सुरू होये. थैली भरून दाराशी ठेवून दे. देवरीकडून गाडीचा आवाज आला की हातचं काम सोडून आंगनात येऊन उभी राहे. माय चिडे. म्हने, एवढी घाई आहे त आलीस कायले?"

"मंग ती काय म्हणे?"

"काही नाही म्हने. उभीच राहे."

मी ऐकलं. हे खरं होतं, किंवा पाहुण्यांसाठी एक गोष्ट बनवणाऱ्या वच्छलानं आता माझ्यासाठी दुसरी बनवली होती. यातलं कोणतं, ते तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं असतं तर मला कळलं असतं. तेवढं मला येतं. ती दारातच होती, चार हातांवर. मी मोहाच्या फुलांकडे पाहत राहिलो आणि मान वर केली नाही.